हौशी शर्यतीची गाडी : आधी काय, मग काय?



शेतकरी बांधवांच्या आणि शिक्षकांच्या या कार्यक्रमात मोटारींच्या शर्यती कुठून आल्या, असे तुमच्यापैकी काही जण मनात म्हणतील. त्यांना मी एकच गोष्ट विचारतो. तुमच्या गावात जुनी जीप किंवा जुनी मारुती विकत घेऊन, तिला रुंद चाके लावून, तिच्या स्प्रिंगा कापून ती जमिनीलगत आणणारा एखादा तरुण नाही का? आणि तुमच्या नात्यातला, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा "आम्ही कॉलेजात शर्यतीची गाडी बनवतोय, वर्गणी हवी," असे सांगत सुटीत घरी आलेला नाही का? मी मेहरूणला राहतो. आमचे मेहरूण बोरांसाठी आणि तलावासाठी ओळखले जाते. पण चौफुलीकडे निघाले की गॅरेजे लागतात, आणि त्यांच्या दारात अशी मुले संध्याकाळी हटकून उभी दिसतात. हातात मोबाईल, त्यावर कुठल्या तरी परदेशी शर्यतीचे चित्र, आणि मिस्तरीपुढे एकच प्रश्न : "दादा, काय काय बदलता येईल?"

काय काय बदलता येईल, याचे उत्तर मिस्तरी देईलच. मला आज बोलायचे आहे ते आधी काय बदलावे आणि मग काय, यावर. मी मोटारीचा इंजिनियर नव्हे. मी अर्थशास्त्र शिकवतो. पैसा थोडा आणि गरजा पुष्कळ, अशा वेळी क्रम कसा लावावा हेच आमच्या शास्त्राचे मूळ. शेतकऱ्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही. विहिरीला पाणी लागण्याआधी ठिबकच्या नळ्या आणून टाकणारा माणूस शहाणा नव्हे, हे त्याला ठाऊक असते. शर्यतीच्या गाडीचे अगदी तसेच आहे. फरक इतकाच, की तिथे क्रम चुकला तर पैशाबरोबर जीवही जातो.

शर्यतीचा शौक आपल्या मातीला नवा नाही. शंकरपट आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. पण पटाचा जाणता माणूस काय करतो, आठवून पाहा. बैल कितीही तेज असोत, छकड्याच्या आखाची खीळ हाताने हलवून पाहिल्याशिवाय, जू आणि दोर तपासल्याशिवाय तो पटात उतरत नाही. त्याला ठाऊक असते, की बैल जितका तेज तितकी सैल खीळ घातक. मोटारवाल्या पोरांनी आपल्या आजोबांकडून एवढे एक शिकले तरी निम्मे काम होईल.

आता आपल्यापासून सर्वांत जवळचे खरे उदाहरण घेऊ. धुळ्याहून आग्रा रस्त्याने निघावे, शिरपूर मागे टाकावे, घाट चढून सेंधवा ओलांडावे. पुढे इंदूरच्या अंगाला, धार जिल्ह्यात पिथमपूर लागते. मोटारींची परीक्षा घेणारे नॅट्रॅक्स नावाचे मोठे केंद्र तिथे आहे. तिथल्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावमार्गाचे उद्घाटन २०२१ साली झाले. याच पिथमपुरात २००७ सालापासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' नावाची स्पर्धा भरत आली आहे. मुले तिला 'बाजा'च म्हणतात. एसएई इंडिया ही मोटार-अभियंत्यांची संस्था ती भरवते. मूळ कल्पना अमेरिकेची. १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात अशी पहिली स्पर्धा झाली. मुलांनी स्वतः एका माणसापुरती, खडकाळ जमिनीवर धावणारी गाडी बांधायची, ती तज्ज्ञांना दाखवायची आणि मग चालवायची. शेवटची शर्यत चार तासांची असते. खड्डे, उंचवटे, चिखल, दगड यांतून चार तास. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासह महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांची मुले तिथे उतरली आहेत.

या स्पर्धेतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या वर्गात वर्षानुवर्षे सर्वांना एकच इंजिन दिले गेले. ते सुमारे १० अश्वशक्तीचे, म्हणजे आपल्याकडच्या लहानात लहान ट्रॅक्टरहूनही दुबळे. त्यात फेरफार करायचा नाही. म्हणजे इंजिनाच्या जोरावर कोणी पुढे जाऊच शकत नाही. मग पुढे कोण जातो? ज्याची गाडी चार तास मोडत नाही, ज्याची चाके खड्ड्यातही जमीन सोडत नाहीत, आणि ज्याच्या गाडीला परीक्षक मुळात मैदानात उतरू देतात तो. तपासणीत नापास झालेली गाडी कितीही देखणी असो, तिला धावता येत नाही. आपल्या गावच्या हौशी तरुणाने हाच क्रम उचलावा असे माझे सांगणे आहे. आधी गाडी धड करणे, मग माणूस वाचवणे, मग चाके जमिनीवर ठेवणे, आणि इंजिन अगदी शेवटी.

पहिली पायरी, गाडी धड करणे. जुन्या गाडीचे बुश झिजलेले असतात, बॉल जॉइंट सैल असतो, चाकाचे बेअरिंग आवाज करते, ब्रेकचे रबरी पाइप वाळून तडकलेले असतात. अशा गाडीला महागडे शॉकॲब्सॉर्बर बसवणे म्हणजे उसवलेल्या सदऱ्यावर जर लावणे. सैल जॉइंट असलेल्या गाडीत तुम्ही काय सुधारले आणि काय बिघडवले हे कळतच नाही. म्हणून पहिला खर्च नव्या बुशांचा, जॉइंटचा, बेअरिंगांचा, ब्रेकचे लायनर, पाइप आणि तेल यांचा. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. ओलावा शोषलेले तेल गरम झाले की उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पायाखालचे पॅडल एकदम पोकळ लागते. शर्यतीत ब्रेक फार तापतात, म्हणून हे तेल ताजे हवे. मग टायर. गाडी केवढीही असो, प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण हाताच्या पंजाएवढ्या जागेत. चार पंजांवर सारा खेळ आहे. ते चार पंजे झिजलेले असतील तर बाकीचा खर्च पाण्यात गेला समजा.

दुसरी पायरी, माणूस वाचवणे. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सर्वांत कमी पैसा इथेच खर्च होतो. ही वस्तू कोणाला दिसत नाही, तिचा आवाज होत नाही, तिच्यामुळे गाडी जोरात पळत नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हे एक गणित जरूर करून घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी भिंतीवर आदळली, तर तो आघात किती उंचीवरून पडण्याइतका असेल? वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर येतो. त्यावरून उंची निघते जवळजवळ १० मीटर. म्हणजे कोरड्या विहिरीत तीस-बत्तीस फूट खाली पडावे तसा. वेग दुप्पट, ताशी १०० केला, तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. विहीर सव्वाशे-दीडशे फूट खोल होते. हे गणित एकदा मुलाच्या डोक्यात बसले, की हेल्मेट घाल म्हणून त्याच्या मागे लागावे लागत नाही.

मग प्रश्न असा, की एवढा आघात माणसाला सोसतो का? सोसतो, पण शरीर घट्ट बांधलेले असेल तर. १९५४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत जॉन पॉल स्टॅप नावाच्या डॉक्टरने हे स्वतःवर प्रयोग करून दाखवले. अग्निबाण लावलेल्या घसरगाडीत त्याने स्वतःला पट्ट्यांनी आवळून घेतले. गाडीने ताशी एक हजार किलोमीटरहून अधिक वेग गाठला आणि ती सव्वा सेकंदाच्या आसपास थांबली. त्याच्या शरीरावर स्वतःच्या वजनाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरले, पण माणूस जगला. पुढे १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचा अभियंता निल्स बोलिन याने आज आपल्या मोटारींत असतो तो तीन टोकांचा पट्टा तयार केला. आपल्याच राज्यातले उदाहरण सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागच्या आसनावरचे दोघे दगावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी तीच, पूल तोच.

शर्यतीच्या गाडीत पट्टा पाच किंवा सहा टोकांचा असतो. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक-दोन मांड्यांमधून. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कटीच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर बसला तर तोच आतडी फाडतो. खांद्यांचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. कित्येक गॅरेजांत ते आसनामागे थेट खाली जमिनीला बांधतात; अशाने आघाताच्या वेळी पट्टा खांदे खाली दाबतो आणि मणका चिरडतो. पट्टा ज्या बोल्टला अडकवायचा तो नुसत्या पत्र्यात भोक पाडून बसवू नये; पत्र्यामागे जाड पोलादी पट्टी हवी, नाही तर बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. पट्ट्याचे कापड उन्हाने कुजते, म्हणून स्पर्धेत मान्य होणाऱ्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते. जुन्या बाजारातून मुदत संपलेले पट्टे आणून पैसे वाचवणे म्हणजे कुजलेल्या दोराने विहिरीत उतरणे.

पट्ट्याबरोबर आसन आणि गाडी उलटली तर डोके वाचवणारा पोलादी पिंजरा, मिस्तरी ज्याला रोल केज म्हणतात तो, यांचा विचार करायचा. 'बाहा'च्या नियमांत पिंजऱ्याच्या मुख्य नळीचे माप दिले आहे : बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, आणि पोलादात कर्बाचे प्रमाण किमान ०.१८ टक्के, किंवा वाकण्याच्या बाबतीत तितकीच भक्कम ठरेल अशी दुसरी नळी. चालकाचे हेल्मेट आणि बाजूची नळी यांत १५२ मिलिमीटर, म्हणजे सहा इंच अंतर हवे. पाण्याची किंवा मंडपाची नळी पिंजऱ्याला चालत नाही, हे तुमच्या गावच्या वेल्डरलाही सांगा. वेल्डिंगची परीक्षा कशी घेतात तेही ऐकण्यासारखे आहे. त्याच नळीचा, त्याच हाताने केलेला एक जोड नमुना म्हणून करायचा आणि तो मुद्दाम तुटेपर्यंत ताणायचा. नळी तुटली तर पास. जोड तुटला तर नापास. दुसरा नमुना करवतीने उभा कापून झाळ आतपर्यंत गेली आहे का ते पाहायचे. ही परीक्षा गावच्या गॅरेजातही घेता येईल. चार नळ्यांचे तुकडे वाया जातील, एवढेच.

इथे एक धोक्याची सूचना. ज्या गाडीत घरची माणसे बाजाराला जातात त्या गाडीत पिंजरा बसवू नका. डोक्यावर हेल्मेट नसताना, अंगावर पाच टोकांचा पट्टा नसताना, किरकोळ धक्क्यातही डोके पोलादी नळीवर आपटते. ज्या वस्तूने शर्यतीत जीव वाचतो तीच बाजाराच्या वाटेवर जीव घेते. पिंजरा, आसन, पट्टा आणि हेल्मेट हे चारही एकत्रच घ्यायचे असतात. त्यातले एक-दोन घेऊन बाकीचे पुढच्या सुगीला, असे करता येत नाही. पैसे कमी असतील तर सुगीपर्यंत शर्यतच थांबवावी.

हेल्मेटची गोष्ट एका हौशी चालकाच्याच मरणातून पुढे आली. अमेरिकेत पीट स्नेल नावाचा तरुण १९५६ साली शर्यतीत गाडी उलटून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण ते कुचकामी निघाले. पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली आणि हेल्मेट कसे असावे, ते कसे आपटून पाहावे याचे नियम तयार केले. आज शर्यतीच्या हेल्मेटवर 'स्नेल'ची चिठ्ठी पाहतात ती त्या मुलाच्या नावाची. मोटारसायकलवरचे आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट रस्त्यावर जरूर घाला. मोटारीच्या शर्यतीचे हेल्मेट वेगळे असते, त्याच्या अस्तराला सहज आग लागत नाही. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसो, ते पुन्हा वापरू नये. खांदे पट्ट्यात आवळले की आघातात डोके एकटेच पुढे झेपावते आणि मानेच्या वर कवटीचा तळ फुटतो. अमेरिकेचा नामांकित चालक डेल अर्नहार्ट २००१ साली असाच गेला. त्यानंतर मान सावरणारी 'हान्स' नावाची खोगिरासारखी वस्तू मोठ्या शर्यतींत सक्तीची झाली. वेगाच्या शर्यतीत उतरणाऱ्याने तीही हिशेबात धरावी.

राहिली आग. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्ट या प्रसिद्ध चालकाची गाडी पावसात घसरून कोसळली. तो सुमारे २५ मिनिटे गाडीतच अडकून पडला. अंगावर पेट्रोल सांडलेले. चाक, म्हणजे स्टिअरिंग, काढायला पाना नव्हता. अखेर एका प्रेक्षकाच्या मोटारीतून पाना आणून त्याला सोडवले. त्या दिवसापासून त्याने चालकांच्या सुरक्षिततेसाठी चळवळ उभी केली. त्याचे फळ म्हणून २०२० साली बहारीनमध्ये रोमेन ग्रोजाँ याची गाडी कठड्यात घुसून पेटली तेव्हा तो जळत्या गाडीत २८ सेकंद राहूनही स्वतः उठून बाहेर आला. आपल्या हौशी गाडीला यातून काय घ्यायचे? तीन गोष्टी. हाताला येईल अशा जागी, लोखंडी पट्टीने पक्के बसवलेले अग्निशामक नळकांडे. वीज तोडणारी दोन बटणे, एक चालकाजवळ आणि एक बाहेर, म्हणजे मदतीला धावलेल्या माणसालाही इंजिन बंद करता येईल. आणि बाहेर पडण्याचा सराव. 'बाहा'त चालकाला पूर्ण पोशाखात, पट्टे सोडून, पाच सेकंदांत गाडीबाहेर यावे लागते. हा सराव अंगणात फुकट होतो; आईवडिलांनी घड्याळ लावून घ्यावा. शर्यतीचा अग्निरोधक पोशाख नसेल तोपर्यंत सरावालाही नायलॉन, टेरिलीनचे कपडे घालू नयेत. ते वितळून कातडीला चिकटतात.

आता तिसरी पायरी, ज्याची पोरांना सर्वांत घाई असते ते सस्पेन्शन. बैलगाडीला स्प्रिंग नाही. खड्डा आला की चाकाचा दणका थेट आपल्या मणक्याला. टांग्याला कमानी आल्या, मोटारीला पाटे आणि स्प्रिंगा आल्या. पण स्प्रिंग एक चूक करते : ती दणका साठवते आणि परत देते. हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. खिळ्याला स्प्रिंग टांगा, खाली वजन लावा, ओढून सोडा. वजन कितीतरी वेळ वर-खाली होत राहील. मग तेच वजन पेल्यातल्या पाण्यात बुडेल असे करा; हेलकावे लवकर थांबतील. पाण्याऐवजी तेल घ्या. आणखी लवकर थांबतील. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीत हेच तेल असते. दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते ढकलले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत जाते. म्हणून खराब रस्त्यावर धावलेल्या गाडीचा शॉकॲब्सॉर्बर हाताला गरम लागतो. वजन पेलायचे काम स्प्रिंगचे, हेलकावा मोडायचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. दोघांची जोडी जमली पाहिजे, बैलांची जमते तशी. एक ताकदीचा आणि एक म्हातारा, असे जुंपून गाडी सरळ चालत नाही.

कडक म्हणजे चांगले, हा सर्वांत मोठा गैरसमज. सोपेपणासाठी असे धरू, की एका चाकावर २५० किलो वजन आहे आणि स्प्रिंग एक सेंटिमीटर दबायला २० किलो लागतात. ती साडेबारा सेंटिमीटर दबून राहील आणि गाडी सेकंदाला साधारण १.४ हेलकावे घेईल. घरगुती गाडी एक ते दीडच्या दरम्यान असते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हेलकावे दुप्पट होत नाहीत, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढून २ होतात. गुळगुळीत डांबरावर ते चालेल. आपल्या मुरमाच्या, खडीच्या रस्त्यावर मात्र कडक चाक उंचवट्यावर उडते. आणि हवेतले चाक ना वळवते, ना थांबवते. म्हणून आधी ठरवा, गाडी कुठे पळवणार? खडकाळ मैदानावर चाकाला वर-खाली व्हायला भरपूर वाव हवा आणि स्प्रिंग बेताची हवी. डांबरी धावमार्गावर वाव कमी आणि स्प्रिंग थोडी कडक. एकच गाडी दोन्हीकडे पहिली येणार नाही.

स्प्रिंगा कापणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापले तर ती सव्वापटीहून अधिक, म्हणजे आठ भागिले सहा इतक्या पटीने कडक होते. तिला सांभाळणारा शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. गाडी खाली आल्याने चाकाचा वाव संपतो आणि रबरी ठोकळ्यावर दणके बसतात. भरीला, गाडी उंचवट्यावरून उडाली की आखूड स्प्रिंग आपल्या खोबणीतून सुटून बाहेर येऊ शकते. जीपवाल्यांची चूक उलटी. ते गाडी उंच करतात. कापूस किंवा कडबा छतापर्यंत भरलेला ट्रक वळणावर कसा झुकतो ते आपण रोज पाहतो. दोन चाकांमधले अंतर तेच ठेवून उंची वाढवली की जीप त्याच वाटेने जाते. उंची वाढवायचीच असेल तर खडक पार करण्यापुरतीच वाढवावी आणि वळणावर वेग सोडावा.

नव्या चालकाने आणखी एक लक्षात ठेवावे. वळणावर गाडीचे पुढचे टोक सरळ निघू पाहते, किंवा मागचे टोक गिरकी घेते. पहिला दोष पाय उचलला की बहुधा आटोक्यात येतो. दुसऱ्याला कसलेला हात लागतो. म्हणून शिकत असेपर्यंत मागची बाजू फार कडक करू नये. आणि सुधारणा एका वेळी एकच करावी. स्प्रिंग, टायरमधील हवा आणि शॉकॲब्सॉर्बर एकदम बदलले तर कशाने काय झाले ते देवालाही सांगता येणार नाही. एक बदल, त्याच वाटेवर पाच फेऱ्या, आणि वहीत नोंद. टायरमधली हवा बदलायला तर पैसाही लागत नाही. तिथूनच आरंभ करावा.

आता हिशेब. आणे व्यवहारातून गेले, पण समजायला सोपे. गाडी घेतल्यानंतर हाती जो रुपया उरेल त्याचे सोळा आणे धरा. पाच आणे गाडी धड करण्याला. ब्रेक आणि टायर त्यातच. सहा आणे माणूस वाचवण्याला. चार आणे सस्पेन्शनला. उरलेला एक आणा शिलकीत, कारण पहिल्याच दिवशी काहीतरी मोडते. इंजिनाला यंदा काही नाही. हा माझा हिशेब आहे. तुम्ही आणा-दोन आणे इकडेतिकडे करा, पण क्रम बदलू नका.

हे सारे कुठे वापरायचे, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जळगाव-भुसावळ हमरस्ता ही शर्यतीची जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच सांगितले. म्हणून शर्यतीची गाडी ट्रकवर लादून न्यावी, आणि न्यावी ती रीतसर स्पर्धेलाच. देशातील मोटार-क्लबांचा महासंघ अशा स्पर्धांना मान्यता देतो आणि चालकांना परवाने देतो. आपल्या शेजारी नाशिकला मान्यताप्राप्त रॅली झालेल्या आहेत. अशा ठिकाणी रुग्णवाहिका असते, तपासणी असते, प्रेक्षकांना दूर ठेवलेले असते. १९५५ साली फ्रान्समध्ये ल माँ येथे एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. शर्यत पाहायला वळणाच्या बाहेरच्या कडेला उभे राहू नका. गाडी घसरते ती त्याच बाजूला.

शिक्षक बंधू-भगिनींनो, अशा मुलाला "हे नाद सोड," म्हणून चालणार नाही. तो नाद सोडत नाही, फक्त तुमच्यापासून लपवतो. त्याला भौतिकशास्त्राच्या तासाला पुढे बोलवा, स्प्रिंग आणि पेला त्याच्याच हातात द्या. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, पैसे देण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारा. ब्रेकचे काम झाले का? पट्टा कशाला बांधला आहे ते दाखव. आणि गाडी उलटली, पेटली, तर किती सेकंदांत बाहेर येतोस? या तिन्हींची उत्तरे त्याने गाडीजवळ उभे राहून, हात लावून दाखवली, तर खुशाल पैसे द्या आणि शर्यत पाहायला स्वतः जा. उत्तरे तोंडीच मिळाली, तर पैसे पेटीतच राहू द्या. पोरगा रुसेल, चार दिवस जेवणार नाही, पण घरात असेल.